ताईची पोटरी

ढब्बूला ढब्बू हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने तो पाळण्यात असतानाच ठेवलं, आणि पुढे त्याने ते इमानेइतबारे सार्थ केलं. त्याची बेकरी होती. कुठलाही माल चाखल्याशिवाय विकायचा नाही हा त्याचा बाणा, त्यामुळे दिवसभर तोंड चालूच. ताई मात्र काडीसारखी. जन्मभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. तिला एकच शौक होता, गॅलरीत उभं राहून सिगारेट ओढायचा. कोणी टोकलंच तर म्हणायची, "धुराने कोणी जाड झालेलं बघितलंय का?"

त्यांचे वडील हार्ट अटॅकने एकाएकी गेले होते. पुढचा नंबर ढब्बूचा, हे ताईने तेव्हाच ठरवून टाकलं आणि रोज संध्याकाळी त्याला फिरायला जुंपलं. ती पुढे, हा धापा टाकत मागे.

पण हल्ली वेगळंच चालू झालं होतं. चार दुकानं झाली की ताई थांबायची. "चपला बघ किती छान आहेत," म्हणायची. आणखी चार दुकानं गेली की कुलपं बघत उभी राहायची. एकदा तर ती पुरुषांच्या बनियनच्या दुकानासमोर इतका वेळ थांबली की दुकानदार बाहेर येऊन साइज विचारू लागला. उतारवयात हौस फुटली असेल असं ढब्बूला वाटलं. त्याचं काय जात होतं? आयताच दम खायला मिळत होता.

मग एके दिवशी नव्या केकची क्रीम जरा जास्तच चाखली गेली आणि ढब्बूच्या छातीत जळजळ सुरू झाली. ताईने त्याला तडक हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. लिफ्ट बंद होती. जिना अर्धा चढल्यावर ताई भिंतीवरचं पोस्टर वाचायला थांबली. बाळांच्या लसीकरणाचं होतं.

"ताई, आपल्या घरात बाळ कुठंय?"

"माहिती असलेली बरी," ती म्हणाली.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि फार बोलायच्या नाहीत. त्याची गरज नव्हती, ताई होती.

"काय काय खाता?" त्यांनी ढब्बूला विचारलं.

"सगळं," ताई म्हणाली.

"यांना बोलता येतं ना?"

"येतं. पण खरं नाही येत."

कार्डिओग्राम झाला, रक्त घेतलं, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. ढब्बू टोमॅटोसारखा लाल झाला, पण चालला शेवटपर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, "जळजळ पित्ताची आहे. कोलेस्टेरॉल मात्र वाढलंय. गोळी घ्या, वजन उतरवा. एवढ्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"नीट बघितलंत ना?" ताईचा आवाज चक्क निराश झाला होता.

"त्यांना बघितलं. आता तुम्हाला बघते. मघाशी जिन्यात मी तुमच्या मागेच होते. थांबलात तेव्हा पोटरी दाबत होतात. चाललं की दुखते आणि थांबलं की दुखायची थांबते, असं होतं का?"

ताईने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. ढब्बू मात्र ताडकन उठून ओरडला, "बनियन!"

डॉक्टर दचकल्या. त्याने मग चपला, कुलपं, सगळं घडाघडा सांगून टाकलं.

डॉक्टरांनी ताईच्या घोट्याजवळची नाडी चाचपली. नीट लागेना. दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर मोजलं, तर घोट्याचं बरंच कमी भरलं. पुढच्या तपासण्यांत कळलं की पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय आणि हृदयाचीही एक जवळजवळ बंद व्हायला आलीय.

"पण मी बारीक आहे!" ताई म्हणाली, जणू यंत्राने कॉपी केली होती.

"चरबी पोटावरच साठते असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली ती जाऊन बसते, तिथे सूज येते, वर्षानुवर्षं थर वाढतो आणि कडक होतो. रक्ताची वाट अरुंद होते. हृदयात, पायात, मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या नळ्यांत, कुठेही. बाहेरून पत्ता लागत नाही. वडिलांचा वारसा आहेच, त्यात तुमचा धूर."

हृदयात स्टेंट घालायचा ठरला. त्या दिवशी सकाळी खाटेवर पडल्या पडल्या ताई हळूच म्हणाली, "पाय दुखतो हे तुला कळलं असतं तर तू फिरणं सोडलं असतंस. म्हणून नाही बोलले."

"लगेच सोडलं असतं," ढब्बू म्हणाला आणि नाक पुसायला खिडकीकडे वळला.

तिला आत नेताना "स्ट्रेचर सरळ धरा, रांग मोडतेय," असं ती म्हणत होती, ते दार बंद होईपर्यंत ऐकू आलं.

सगळं नीट पार पडलं. पाच-दहा मिनिटं जाताच तिने सिस्टरला फर्मावलं, "माझ्या भावाला बोलवा. कँटीनमध्ये सापडेल."

तो दाराला टेकूनच उभा होता. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. सिस्टरने "या आत," म्हटलं, तर त्याला आधी रडू आलं आणि मग सपाटून भूक लागली.