वाकलेली चौकट

मी शाळेतला प्रोजेक्टर बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं दाखवत आलो, स्वतःचं काही बोललो नाही. पण माझ्यावर आळ आला आणि मी मूग गिळून बसलो, याचा आता मलाच संताप येतो. आळ काय, तर म्हणे मी पोरं बिघडवली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. माझं भिंग बसवणारी ताई पांढरे हातमोजे घालायची. भिंग बसलं की ती समोरच्या भिंतीवर चौकोनांचं चित्र पाडायची आणि रेषा सरळ दिसतात का ते बघायची. माझी एक रेष किंचित तिरपी आली. तिनं मला पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. शेजारणीनं विचारलं, एवढ्याशानं काय होतं? तर ती म्हणाली की सरळ आहे ते सरळच दिसलं पाहिजे, नाहीतर हे यंत्र कशाला बनवायचं? मला वाटलं होतं, सगळी माणसं अशीच असतात. चुकलं माझं.

शाळेत आलो तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाला आणि मी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलो. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. वर्षातून दोनदा ते मला बाहेर काढायचे, तपासणीला साहेब आले की आणि बक्षीस समारंभाला. ‘शाळेची प्रगती’ या नावाखाली एकोणीस चित्रं दाखवायची. त्यातल्या चौदा चित्रांत मोठे सर स्वतःच होते. प्रगती कुणाची, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग नववीला भाषा शिकवायला नव्या बाई आल्या. बारीक चणीच्या, घसा कायम बसलेला. पुस्तकात ‘जाहिरात लेखन’ नावाचा धडा होता. छत्रीची जाहिरात तयार करा, चौकट आखा, झाले पाच गुण. बाई म्हणाल्या, लिहायच्या आधी आपण जाहिरात वाचायला शिकू. आणि त्यांनी आठवड्याला दोन तासांसाठी मला मागून घेतलं. शिपाईमामांनी मला कपाटातून काढून फडक्यानं पुसलं, तेव्हा कित्येक महिन्यांची धूळ त्यांच्या नाकात गेली. ते शिंकतच मला वर्गात घेऊन गेले.

पहिल्या दिवशी बाईंनी साबणाची जाहिरात लावली, आवाज बंद ठेवून. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवला, पोरांनी बाकावर डोकी टेकली होती. मग चित्र किती वेळा बदलतं ते वहीत रेघा मारून मोजायला सांगितलं. तीस सेकंदांत सत्तावीस वेळा! एका चित्रावर डोळा ठरायच्या आत दुसरं का येतं, असं बाईंनी विचारलं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला की विचार करायला सवड मिळू नये म्हणून. त्यानं वर्षभरात दिलेलं ते पहिलं उत्तर असावं, कारण सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला.

बाई दर दोन सेकंदांनी “थांबा” म्हणायच्या आणि मी थांबायचो. हे कुणाच्या डोळ्यांनी बघतोय आपण? हे घर एवढं चकचकीत आहे, तर ते पुसतं कोण, आणि ती व्यक्ती चित्रात का नाही? पोरांनी त्यांचं नाव ‘थांबाबाई’ पाडलं. त्यांच्या कानावर ते गेलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत.

त्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. एका जागी पाय ठरत नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वडील सुतार, आई शिवणकाम करणारी. त्या दिवसांत सगळ्या शाळेच्या तोंडी एक गाणं होतं. त्याच्या व्हिडिओत एक तरुणी दारात उभी राहून कंबर लचकवते, आणि ती कंबर मुठीत मावेल एवढीशी. भिंगरीला ते गाणं पावलापावलानं पाठ होतं. दोन महिने ती स्वतःचा डबा मैत्रिणीला देत होती. घरी आईला रिकामा डबा दिसायचा, म्हणून आई निश्चिंत होती. एकदा खेळाच्या तासाला तिला चक्कर आली. तिनं ऊन लागलं असं सांगून वेळ मारून नेली.

बाईंनी ते ताडलं होतं. पण त्यांनी तिला बोलावून उपदेश केला नाही. पुढच्या तासाला त्यांनी तेच गाणं आणलं.

वर्गानं आनंदानं बाक बडवले. एकदा आवाजासकट पाहून झालं, बसल्या जागी नाचून झालं. मग बिनआवाजी. मग अगदी हळू, एकेक चित्र. सगळे जांभया द्यायला लागले, आणि भिंगरी उठून उभी राहिली. बाईंना मागे घ्यायला सांगितलं. अजून मागे. मग ती चालत भिंतीपाशी गेली. माझा उजेड तिच्या वेणीवर, पाठीवर पडला. तिनं त्या तरुणीच्या कमरेशेजारी बोट ठेवलं.

“ही चौकट वाकलीय.”

“कुठली चौकट?” बाईंनी विचारलं.

“दाराची. तिच्या कमरेपाशी आत वाकलीय. ती इकडे सरकली की ही सरळ होते आणि तिकडची वाकते. बाई, लाकूड असं वाकत नाही. माझे बाबा चौकटी बसवतात.”

बाईंनी मग सांगितलं की संगणकावर कंबर चिमटून बारीक करतात, आणि चिमटा काढताना शेजारचं चित्रही ओढलं जातं. कुणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे ती कंबर तिचीसुद्धा नाही?

भिंगरी जागेवर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत तिनं आपला डबा आपणच उघडला. अर्धाच खाल्ला म्हणे, पण खाल्ला. शिपाईमामांनी हे मला उचलून नेताना जिन्यात एका शिक्षकाला सांगितलं.

मोबाइलच्या वीतभर काचेवर ती चौकट कुणाला दिसली नसती. मी ती भिंतीएवढी करून दाखवली. आता मला सांगा, यात मी काय बिघडवलं? त्या नाचणाऱ्या तरुणीचाही मला राग नाही. जित्याजागत्या मुलीची कंबर पुरेशी नाही असं ठरवून तिला चिमटणारा जो कोणी तिथे बसलेला असतो, त्याचा राग आहे. तो कधी चित्रात येत नाही.

यानंतर पोरांना चटकच लागली. पुढची जाहिरात त्यांनीच निवडली, दुधात घालायच्या पावडरीची. पावडर प्या, उंच व्हा. पांढरा कोट घातलेला एक माणूस तक्त्यावर छडी लावून पटवून देत होता. पोरांनी मला बरोबर जागी थांबवलं. तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती, ‘दाखवलेली व्यक्ती डॉक्टर नाही.’ एरवी ती दीड सेकंदात निघून जायची. मग वर्गानं कंपनीला साधं, नम्र पत्र लिहिलं. हे गृहस्थ डॉक्टर नाहीत तर त्यांना कोट का घातला, आणि पावडर न पिणारी मुलं बुटकी राहिल्याची नोंद तुमच्याकडे आहे का? खाली सगळ्या वर्गाच्या सह्या.

कंपनीनं वर्गाला उत्तर दिलंच नाही. उत्तर आलं ते मोठ्या सरांना. कारण हीच कंपनी शाळेला मोठा थोरला स्क्रीन भेट देणार होती, आणि हे पोरांना काय, बाईंनाही ठाऊक नव्हतं.

आता पत्राबद्दल शिक्षा कशी करणार? पत्रात चूक काहीच नव्हती. म्हणून मोठ्या सरांनी गाण्याचं खुसपट काढलं. भिंगरीच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते कामावरूनच आले, केसांत लाकडाचा भुसा. मी त्या वेळी सरांच्या टेबलावरच होतो. सरांनी सांगितलं की तुमची मुलगी वर्गात नाचगाणी बघते, तुम्ही लेखी तक्रार द्या, पुढचं मी बघतो. कागद आणि पेनही पुढे सरकवलं. वडिलांचा चेहरा लाल झाला. आम्ही हिला शिकायला पाठवतो, असं ते दोनदा म्हणाले. बाईंना आणि भिंगरीलाही बोलावणं गेलं होतं, दोघी दारातच उभ्या होत्या.

“लिहा तक्रार,” बाई म्हणाल्या, “पण आधी एकदा बघून तरी घ्या.”

तिथेच, सरांच्या खोलीतल्या भिंतीवर, बाईंनी ते गाणं लावलं आणि थांबवलं. भिंगरीनं बोट ठेवून दाखवलं. सुतारदादा उठले, फळीची धार बघतात तसा एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. या चौकटीत दार बसणार नाही, असं म्हणाले. मग भिंगरीनं आपण होऊन डब्याचं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात, सगळंच. सुतारदादा खुर्चीत बसले. लेकीच्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद पुढ्यात ओढला.

“सर, तक्रार लिहितो. पण कुणाविरुद्ध, ते मी ठरवणार.”

मोठ्या सरांनी कागद काढून घेतला आणि खणात टाकला.

आठवड्याभरात सूचना निघाली की प्रोजेक्टरमुळे मुलं बिघडतात, म्हणून वर्गात गाणी आणि जाहिराती दाखवायला सक्त मनाई आहे. बाईंकडून नववी काढून पाचवी दिली. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांवर ठेवलं. आणि पंधरा दिवसांत तो भेटीचा स्क्रीन आला. पटांगणासमोर, भिंतभर. रोज सकाळी शाळा भरताना तो लावला की आधी तीस सेकंद पावडरीची जाहिरात लागते! तोच पांढरा कोट. आणि ती थांबवायला बटणच नाही. जाहिरातीला मनाई करणाऱ्या शाळेत! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

एवढ्यावरही भागलं नाही. कंपनीनं त्याच पांढऱ्या कोटवाल्याला आणून शाळेतच नवी जाहिरात काढली, स्क्रीनवर जुन्या जाहिरातीच्या जागी लावायला. अडगळीच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. कंपनीच्या माणसांनी चांगले गणवेश असलेली पोरं निवडली, त्यांत भिंगरी. हातात कप दिले. हसा, म्हणाले. पुन्हा हसा. उन्हात चौदा वेळा पोरांना हसायला लावलं. मागे मोठे सर कोट घालून उभे. मी खिडकीमागे चडफडत होतो. प्लग भिंतीत नसलेल्या यंत्रानं दुसरं काय करावं?

पुढे अडगळ साफ करायची ठरली. दार दुरुस्त करायला भिंगरीचे वडील आले होते. भंगारात चाललेला मी त्यांना दिसलो. त्यांनी रीतसर विचारून, वहीत सही करून मला घरी नेलं.

आता मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये असतो. रंधा आणि करवतीच्या शेजारी. पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा तक्ता हा माझा पडदा. भुसा माझ्या पंख्यात जातो, मला खोकला लागतो, तेव्हा सुतारदादा ब्रशनं साफ करतात. रविवारी सकाळी नववीतली अकरा पोरं येतात. तिसऱ्या रविवारी बाई आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. उलट्या खोक्यावर बसल्या.

गेल्या महिन्यात पोरांनी ती शाळेतली जाहिरात लावली आणि मला थांबवलं. तक्त्यावर भिंगरी, ओठांना कप लावून हसणारी. समोर खरी भिंगरी, अजिबात न हसणारी. कप एवढा कलता होता, की आत थेंब असता तरी गणवेशावर सांडला असता.

“रिकामा होता,” ती म्हणाली. “चौदाही वेळा.”

बाईंनी तिला काहीच सुचवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरताना जाहिरात संपली आणि भिंगरी रांगेतून पुढे गेली. पाचवीच्या लहान पोरांकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली की या जाहिरातीतली मुलगी मी आहे, माझा कप रिकामा होता. एवढंच. परत जाऊन रांगेत उभी राहिली.

तिला दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी सुतारदादा शाळेत गेले, आणि या वेळी एकटे नव्हते. सहाजणांचे आईवडील सोबत होते. मोठ्या सरांनी शब्दांची बरीच कसरत केली. स्क्रीन काढता येत नाही, करार आहे म्हणाले. शेवटी तोडगा निघाला, की शिपाईमामांनी तो फाटक उघडायच्या आधी लावायचा. म्हणजे ती जाहिरात आता रोज सकाळी रिकाम्या पटांगणाला दिसते. पांढरा कोटवाला कावळ्यांना उंची वाढवायला सांगतो.

याला विजय म्हणायचं तर म्हणा. मी म्हणत नाही. बाई अजून पाचवीलाच आहेत. सूचना अजून फलकावर आहे. जे शाळेच्या तासाला शिकवायला हवं, ते पोरांना सुट्टीच्या दिवशी भुशात बसून शिकावं लागतं, आणि बिघडवल्याचा आळ मात्र माझ्यावरच.

माझा दिवा पिवळा पडत चाललाय. फार तर वर्षभर निभेल. मग मला खुशाल खोला, भिंग काढून घ्या, उरलेलं भंगारात द्या. माझं काही मागणं नाही. पोरांसमोर काय वाट्टेल ते दाखवा, गाणी दाखवा, जाहिराती दाखवा, दिवसभर ते सगळं त्यांच्या खिशात वाजतच असतं. फक्त थांबवायचं बटण त्यांच्या हातात द्या. आणि त्यांनी थांबवल्यावर त्यांना घरी बसवू नका.