कापसाची घरटी

सात नंबरच्या पेटीतला उंदीर कोपऱ्यात मरून ताठ झाला होता, आणि शेजारचं कापसाचं घरटं मात्र नवंकोरं. त्यात एक लेंडीसुद्धा नव्हती, म्हणजे उंदीर त्यात बसलाच नव्हता. माझं डोकंच फिरलं.

अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात मी नव्या वेदनाशामक औषधाची उंदरांवर चाचणी करते. पोटाची शस्त्रक्रिया झालेला उंदीर ओरडत नाही, दुखणं लपवतो. म्हणून संध्याकाळी पेटीत कापूस ठेवायचा आणि सकाळी बघायचं. बरं वाटत असेल तर तो कापूस पिंजून घरटं करतो. कापूस तसाच पडला असेल तर त्याला दुखतंय, लगेच नेहमीचं, खात्रीचं वेदनाशामक इंजेक्शन द्यायचं. चार दिवस दहाही घरट्यांना मी पाचपैकी पाच गुण दिले. वहीत खुशाल ‘वेदना नाही’ लिहिलं. इंजेक्शन एकालाही नाही.

“भगवंतकाका, ही घरटी कोणी केली?”

काका प्राणिगृह सांभाळतात. बाळापूरकडचे, घरची कपाशी. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

“म्याच केली, म्याडम. रोज सकायी झाडाले आलो त बिचारे थंडीनं थरथर कापून राहिले होते. मले पाहवलं नाही.”

“इतकी हुबेहूब?”

“कापसाच्या गंजीत लहानपणापासून पायतो ना. उंदीर कसं करते, मले ठाऊक हाये.”

मी त्यांच्यावर खेकसले. घरटं म्हणजे काय, ते इंजेक्शन कशावर ठरतं, सगळं एका दमात ऐकवलं. काका पांढरेफटक पडले.

“हे तुमी मले पयले काहून नाही सांगतलं?”

काय सांगणार, कपाळ! झाडणाऱ्या माणसाला काय सांगायचं, असंच मला वाटत आलं होतं. आणि मी तरी चार दिवस नुसती घरटीच मोजली, उंदराकडे पाहिलंच नाही. आता पाहिलं तर नऊही जण पाठीला कुबड काढून, डोळे मिटून बसलेले.

काकांनी एकेक उंदीर धरला, मी इंजेक्शन दिलं. मग पेट्यांत नवा कापूस ठेवला आणि दोघं उभे राहिलो.

तासाभराने दोन नंबरच्याने कापूस दातात धरून ओढला.

“पाहा म्याडम, बांधून राहिला!” काका लहान पोरासारखे हसले.

मला रडू आवरेना. दुखणं थांबल्याबरोबर तो बांधायला लागला होता. काका माझ्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचं हसू मावळलं.

“मंग इतके दिवस...”

“हो काका. इतके दिवस.”