मक्याचं विरजण

मुरवलेल्या मक्याचा खड्डा उघडला त्या दिवशी सगळं ठीक वाटलं होतं. तिसऱ्या सकाळी मात्र भरडलेल्या मक्यातून वाफा निघत होत्या, आणि गाईंनी गव्हाणीत तोंड घालून लगेच बाहेर काढलं. गाय कुणाची भीड ठेवत नाही.

"काय शास्त्रज्ञबाई," दादा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मका मुरलाय की मेलाय?"

धाकटी, त्याची बहीण, पुढे झाली. लांब दांड्याचा तापमापक तिने मक्यात खुपसला. शेहेचाळीस अंश. नीट मुरलेला मका थंड असतो.

मका वाळवत न बसता ओलाच भरडायचा, त्यावर जिवाणूंचं कल्चर फवारायचं, खड्ड्यात दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचा आणि दोन महिने हात लावायचा नाही, ही कल्पना तिची. "दुधाला विरजण लावतो तसंच," तिने दादाला समजावलं होतं. "आपले जिवाणू आधी घुसले की सगळं आंबट करून ठेवतात. मग यीस्ट आणि बुरशीची डाळ शिजत नाही." दादाने अट घातली होती: साधलं तर गोठ्याचा सगळा चारा-खुराक तिच्या हाती, फसलं तर तयार खुराकाची पोती पुन्हा सुरू, आणि तिने दूध तपासायच्या खोलीत परत जायचं. त्या खोलीत तिची आठ वर्षं गेली होती. खिडकी नसलेली खोली.

तिने नमुने घेतले. तीन दिवसांनी काचेच्या बशांमध्ये यीस्टचे ठिपके दाटीवाटीने उठले होते. फवारलेले जिवाणू एकाही बशीत नव्हते. फ्रिजमध्ये उरलेलं एक पाकीट तिने तपासलं. त्यातले ठणठणीत जिवंत निघाले. म्हणजे पाकीट आणि मका यांच्यामध्येच कुठेतरी ते मेले होते, आणि मध्ये एकच वस्तू होती, फवारणीची टाकी. टाकी मामांकडे होती.

मामा गोठ्याचे मुकादम. बावीस वर्षं इथेच. ते दूध काढायच्या यंत्राच्या नळ्या धूत होते.

"मामा, कल्चर कालवलंत ते पाणी कुठलं?"

"नळाचं."

"नुसतं?"

"नुसतं कसं घेईन?" मामा दुखावले. "टाकी आधी क्लोरीनने धुतली, मग पाण्यात दोन झाकणं टाकली. म्हटलं जंतूंचं काम आहे, आपल्याकडून हयगय नको. तुमचंच म्हणणं ना ताई, क्लोरीनशिवाय भांड्याला पाणी नाही?"

म्हणणं तिचंच होतं. सहा वर्षांपूर्वी दूध खराब म्हणून परत आलं, तेव्हा तीन महिने रोज पहाटे उभं राहून तिने ते सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. बाकीचे महिन्याभरात विसरले. मामा विसरले नाहीत. आणि खड्डा भरला त्या दिवशी ती पलीकडच्या टोकाला ट्रॅक्टरच्या फेऱ्या मोजत होती. मामांना एवढंच म्हणाली होती, पाकिटं पाण्यात कालवा.

"चुकलं का काही?"

"ते जिवाणू जिवंत लागतात, मामा. क्लोरीनने मेले."

मामांनी हातातली नळी खाली ठेवली. "मग सांगायचं तरी! मी काय त्यांना तोंडावरून ओळखतो होय?" आणि ते हसले. झालं गेलं मिटलं, असं त्यांना वाटलं असावं.

दुपारी दादाने दोघांनाही ऑफिसात बोलावलं.

"काय निघालं?"

"फवारणीच्या पाण्यात क्लोरीन होतं," धाकटी म्हणाली.

"कुणी घातलं?"

"मी," मामा म्हणाले, आणि तिच्याकडे बघू लागले. पुढचं ती सांगेल म्हणून. त्यांच्या बघण्यात तक्रार नव्हती. दाराशी आलेला माणूस कडी निघायची वाट बघतो, तसे ते थांबले होते.

धाकटीने हातातल्या बशीचं झाकण नीट बसवलं. ते नीटच होतं.

"चाळीस टन मका, मामा!" दादाने टेबलावर हात आपटला. "हिच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत. उद्यापासून येऊ नका."

मामांनी आणखी थोडं थांबून पाहिलं. "बरं," ते म्हणाले. दाराशी वळून तिला म्हणाले, "येतो ताई." नेहमी म्हणायचे तसंच.

रात्री जेवताना दादा मोकळा झाला होता. "म्हणजे पद्धत खोटी नव्हतीच. तू खरी होतीस. पुढच्या हंगामापासून खुराक तुझ्याकडे. माणसंही तूच नेम."

"पण मामांनी असं केलंच कसं?" वहिनी वाढता वाढता म्हणाली. "एवढा जपून वागणारा माणूस. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का गं?"

"अगं, जेवू दे की तिला," दादा म्हणाला.

धाकटीने ताट पुढे केलं. "थोडंच वाढ," ती म्हणाली.