पेवातला सूर

फाल्गुनातली पिवळी दुपार. कृष्णेच्या काठी, काळ्याभोर मातीवर, पिवळ्या उन्हाचा पिवळाधमक पसारा. अंगणोअंगणी हळद वाळत पडलेली. वाऱ्यावर हळद, पापण्यांवर हळद, पाण्याच्या हंड्यावरही हळदीची तलम साय. सारं गाव लग्नघरासारखं उजळलं होतं, आणि त्या उजेडात दोन माणसं मनातून पार भ्यायली होती.

एक प्रतीक्षा ऐवळे. विशीतली, सडपातळ, हातात पितळी ट्रम्पेट. दुसरे तिचे वडील, अण्णा. अण्णांनी उभं आयुष्य पेवांत हळद भरली आणि लगीनसराईत वरातीपुढे हाच ट्रम्पेट वाजवला. पुढे वराती डीजेच्या नादी लागल्या, अण्णांचा श्वास दम्यानं नेला, आणि ते सुवर्णवर्णी वाद्य लेकीच्या ओठांना लागलं. पण वरातीपुढे पोरगी कुणाला हवी होती?

दूरच्या शहरातल्या एका वाद्यवृंदाला मात्र चालणार होती. निवडीसाठी त्यांनी मागितली होती एक संथ धून, सलग एकाच वेळी ध्वनिमुद्रित केलेली. मध्ये जोड नको, दुसरा कसलाही आवाज नको, आणि शेवटच्या सुरानंतर पाच मोजेपर्यंत निखळ शांतता. मुदत आज सूर्यास्तापर्यंतची. प्रतीक्षाला आयुष्यात हे एकच दार उघडं दिसलं होतं, आणि तेही मावळतीला मिटणार होतं.

स्टुडिओचा विचार दोघांनी एकदाच केला आणि सोडून दिला. तेवढी ऐपत नव्हती. घरावरचा पत्रा वाजायचा. शेजारची गिरणी वाजायची. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे. साऱ्या गावात निःशब्द जागा एकच होती, आणि ती जमिनीखाली होती.

पेव. मातीच्या पोटात खणलेलं हळदीचं कोठार. तोंड चिंचोळं, पोट मोठं, रांजणासारखं. पुराचं पाणी शिरल्यापासून हे पेव रिकामंच होतं. आत ऊन नाही, वारा नाही, पाखरू नाही. आवाज मात्र आत असा घुमायचा की मातीच गाते आहे असं वाटावं.

अण्णा पेवाला भीत होते. त्यांचा धाकटा भाऊ किसन असाच एका पेवात उतरला होता, घाईघाईनं, आधी कंदील न सोडता. कोंडल्या पेवातली हवा मरते. तिला रंग नाही, वास नाही, चाहूल नाही. म्हणून आधी पेटता कंदील सोडायचा; ज्योत तगली तर माणूस तगेल. किसनला वर ओढलं तेव्हा अण्णांनी त्याला तीनदा हाक मारली होती, आणि तीनदा नुसती शांतता ऐकली होती.

आज पहाटेच त्यांनी पेवाचं तोंड उघडं टाकलं होतं. कंदील खाली गेला, ज्योत स्थिर राहिली. त्यांनी लेकीच्या कमरेला दोर बांधला. गाठ तीनदा तपासली.

"नजर कंदिलावर ठिव," ते म्हणाले. "ज्योत बसाय लागली की वाजिवणं बंद. मी दोर हलिवला की तू हलवायचा. न्हाई हलला, तर वढणार."

"हूं."

"हूं न्हवं. हो म्हण."

"हो, अण्णा."

भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत ती उतरली. खाली पिवळी धूळ, पिवळी ज्योत, पिवळं पितळ. पालथ्या पाटीवर तिनं फोन उभा केला, डाव्या हातात दोर धरला, उजव्या हातानं ट्रम्पेट ओठांशी नेला. बँडवाल्यांना एक हात पुरतो. धून निघाली, आणि अर्ध्यावर प्रतीक्षाला एक आवाज ऐकू आला. थप. थप. थप. तिचेच पाय.

पिढ्यान्‌पिढ्या चालत वाजवणाऱ्या घरातली पोर ती. एका जागी उभं राहून वाजवणं तिच्या रक्तात नव्हतं; पाय आपोआप ताल धरायचे. तिनं चपला काढल्या, टाचा वाजल्या. खाली पोतं अंथरलं, पोतं खसफसलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा थप, पुन्हा सुरुवात. प्रत्येक खेपेला पेवातला श्वास थोडा सरत होता. ज्योत पिवळी होती ती तांबूस झाली. तिनं ते पाहिलं.

वरच्या गोल आभाळाचा रंगही उतरत चालला होता. एकच खेप उरली होती. प्रतीक्षानं ओढणीनं आपले दोन्ही घोटे करकचून बांधले, आणि अण्णांना ते सांगितलं नाही.

धून निघाली. मंद, मृदू, हळदओली. पाय गप्प राहिले. पितळ पाझरू लागलं, माती ऐकू लागली. दोर हलला: आहेस ना? डावा हात हलला: आहे. सूर चढला, सूर कलला. दोर हलला: आहेस ना? आहे. ज्योत बसू लागली. तांबडी झाली, निळी झाली, वातीच्या कडेला कशीबशी बिलगून राहिली. तिच्या कपाळाची शीर ठणकत होती, छाती हवा मागत होती, आणि शेवटचा दीर्घ सूर अजून बाकी होता. दोर पुन्हा हलला, या वेळी जोरात.

आहे, असं तिनं दोराला सांगितलं, आणि शेवटचा सूर लावला.

अण्णांना वरून ज्योत दिसत होती. दोर खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं. ओढावं, तर लेकीचं दार मिटतं. न ओढावं, तर... त्यांनी दोराचे दोन वेढे मुठीला घेतले, येऊ घातलेला खोकला दातांखाली दाबला, आणि भीत भीत तो सूर ऐकत राहिले. सूर क्षीण झाला, सूक्ष्म झाला, मातीत मुरला.

मग शांतता आली. किसनच्या वेळची तीच शांतता. एक. दोन. अण्णांनी दोर हलवला नाही, हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती मुद्रणात उमटली असती. तीन. खाली ज्योत विझली. चार. अंधारात प्रतीक्षा पापणी न हलवता उभी होती. आणि पाच व्हायच्या आत, कुणी न विचारता, दोर खालून हलला.

पाच झाले, आणि त्यांनी ओढलं. सगळ्या जन्माचा जोर लावून ओढलं. दोर ताणला तसा तिनं ट्रम्पेट काखेत मारला, फोन ओढून घेतला, चाचपडत घोट्यांची गाठ सोडवली आणि खोबणी गाठली. वर येऊन ती पालथी पडली, हवा प्याली, पुन्हा प्याली. अण्णांचं लक्ष तिच्या घोट्यांवरच्या तांबड्या वळांकडे गेलं.

"दोरानं लबाडी केलीस," ते म्हणाले.

"तुमीबी वढलं न्हाई."

सूर्य टेकला तेव्हा मुद्रण रवाना झालं. दूर शहरात कुणीतरी ते ऐकेल, शेवटचा सूर ऐकेल, मग पाच मोजेपर्यंतची निखळ शांतता ऐकेल, आणि त्यात काहीच नाही असं समजेल. पेवाच्या काठावर अण्णा बसून होते. विझलेला कंदील बाजूला, हळदुली लेक बाजूला, आणि दोराचे दोन वेढे अजून मुठीला तसेच.