सोनूबाईच्या हातची हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे. लग्नाच्या वरातीत, जत्रेत वाजणाऱ्या हलग्या वेगळ्या. त्यांना लोक मानाने बोलावून नेतात. मी दवंडीची हलगी. मी वाजले की लोकांनी हातातले काम ठेवून दारात यायचे आणि माझ्यामागून येणारे चार शब्द ऐकायचे, एवढ्यासाठीच मला केले होते.

शहागडपासून तीन कोसांवरच्या एका गावात मला धर्मराजने घडवले. चिंचेच्या लाकडाचे कडे त्याने स्वतः वाकवले, बोकडाचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून घासले आणि ताणून उन्हात वाळवले. ऊन असले की माझा आवाज खणखणीत निघे. आभाळ आले की तो बसे, आणि मग मला गवताच्या जाळावर शेकावे लागे.

तेव्हा निजामाचे राज्य होते. तालुक्याहून येणारा कागद उर्दूत असे. बद्रीनाथ पटवारी तो वाचत आणि आबाराव पाटलांना सांगत, पाटील धर्मराजला सांगत आणि धर्मराज गावाला. बाजाराचा दिवस बदलला, गुरांचा डॉक्टर येणार आहे, नदीला पाणी चढले आहे, अशा त्या बातम्या. धर्मराजचा आवाज मोठा होता आणि त्याला बातमीत पदरची भर घालायची सवय होती. गुडघाभर पाणी त्याच्या तोंडी कंबरेला लागायचे. लोक हसत, मीही मजेत वाजे.

मग एका वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर मरून पडू लागले.

आधी तेल्याच्या घाण्याजवळ पडले, मग वरच्या गल्लीत. आठवडाभरात दोन माणसांच्या काखेत प्लेगच्या गाठी आल्या. तालुक्याचा कागद आला आणि धर्मराजने दवंडी दिली: तीन दिवसांत गाव रिकामे करायचे, माळावर झोपड्या घालून राहायचे, शहागडच्या बाजाराला जायचे नाही, पाहुणा आला तर त्याला शिवेवरच दहा दिवस थांबवायचे. त्या दिवशी त्याने पदरचे काही घातले नाही.

लोकांनी तुराट्या आणि कडब्याच्या झोपड्या उभ्या केल्या. घरांत ऊन पडावे म्हणून छपरांवरची कौले उतरवली. रिकाम्या गावात रोज एकदा फेरी मारून कुठे उंदीर पडला का ते पाहायचे काम धर्मराजकडे आले. ते काम दुसऱ्या कोणाला सांगावे असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण त्याची वस्ती वेशीबाहेरची होती आणि असली कामे त्या वस्तीकडेच जात. आठव्या दिवशी वरच्या गल्लीतून तो परत आला तो ताप घेऊनच. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर पाच दिवस मी खुंटीवर होते. त्या पाच दिवसांत माळावर काय काय पिकले ते विचारू नका. सरकार गाव जाळणार आहे, आजारी माणसाला गाडीत घालून नेतात आणि तो परत येत नाही, सुई टोचली की माणूस वर्षात मरतो. एका झोपडीतून निघालेली बातमी दहाव्या झोपडीत पोचेपर्यंत तिला शिंगे फुटत. पाटलांना दवंडीवाला हवा होता. धर्मराजचा भाऊ मच्छिंद्र यायला तयार नव्हता. तेव्हा धर्मराजची बायको सोनूबाई मला काखेत घेऊन पाटलांच्या झोपडीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाईमाणूस दवंडी देतं व्हय कुठं?" पटवारी कुरकुरले.

"मंग तुमी द्या," पाटील म्हणाले. पटवाऱ्यांनी कागद उघडला.

सोनूबाईचा आवाज लहान होता. माळाच्या मधोमध उभे राहून ओरडले तर तो दहा झोपड्यांपलीकडे जात नसे. म्हणून ती चार झोपड्या झाल्या की थांबे, मला वाजवी, सांगे आणि पुढे जाई. धर्मराजचे अर्ध्या तासाचे काम तिला अर्धा दिवस पुरे. आणखी एक गोष्ट तिची निराळी होती. कागद वाचून झाला की ती पटवाऱ्यांना पुन्हा विचारी.

"दादा, परत एकदा सांगा. दहा दिस का पंधरा?"

"दहा. किती वेळा इचारशील?"

"चुकलं तर लोक मला धरतेन, तुमाला न्हाई."

हळूहळू लोक तिची वाट पाहू लागले. आज कोणी आजारी पडले नाही, एवढेच सांगायला ती आली तरी बायका भाकरी तव्यावर ठेवून बाहेर येत. पौष लागला तशा बंद्या एकेक करून सैल होऊ लागल्या. आधी दिवसातून दोन घटका गावात जाऊन दाणे आणायची मुभा मिळाली. मग नदीच्या वाळवंटात, मोकळ्यावर छोटा बाजार भरला. मग लेकीबाळींना भेटायला जाता येऊ लागले. प्रत्येक मोकळीक माझ्या आवाजामागून आली. कोणी विचारी, "सोनूबाई, घरी कधी?" ती म्हणे, "कागद न्हाई आला." कोणी म्हणे, "अंदाज तर सांग." ती म्हणे, "अंदाज मला न्हाई करता येत."

शेवटी तोही कागद आला. दहा दिवस नवा आजारी नाही आणि उंदीर पडला नाही, तर गावाने घरी परतावे. नऊ दिवस कोरडे गेले. दहाव्या दिवशी उजाडताच पाटलांनी गाव साफ असल्याचा कागद तालुक्याला पाठवून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची दवंडी द्यायचे ठरले.

धर्मराजची फेरी आता सोनूबाई मारत असे. मी तिच्या खांद्यावर असे. त्या दिवशी वरच्या गल्लीत ती झुंबरबाईच्या घरात शिरली. कौले उतरवलेल्या छपरातून ऊन थेट जात्यापाशी पडले होते आणि त्या उन्हात एक उंदीर मरून पडला होता. सोनूबाईने खाली बसून तो नीट पाहिला. मांजराचा दात लागलेला नव्हता, काठीचा घाव नव्हता. तिने तो काठीने अंगणात ओढला, रॉकेल टाकून जाळला आणि तडक पाटलांकडे आली.

पाटलांनी ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते.

"एकच हाय ना?"

"एकच दिसला."

"सोनू, कागद गेला तालुक्याला. आता उलटा कसा बोलावू? माझी आई त्या झोपडीत खोकून खोकून अर्धी झाली. ह्या थंडीत अजून दहा दिस? लोक मला फाडून खातील."

"मी जे पाह्यलं ते तुमाला सांगितलं."

"मला सांगितलंस, बस झालं. उद्या मी सांगतो तेवढंच बोलायचं."

सोनूबाई वळली. आपल्या झोपडीत आली आणि तिने मला जाळावर शेकले. आभाळ नव्हते, शेकायची गरज नव्हती, तरी शेकले.

सकाळी सगळा माळ जागा होता. गाड्या जुंपलेल्या, भांडी पोत्यात भरलेली, पोरे गाड्यांवर चढून बसलेली. सोनूबाईने मला वाजवले आणि सांगितले, "ऐका हो ऐका. तालुक्याचा हुकूम हाय, गावात परत जायला मोकळीक झाली." पुढचे कोणाला ऐकूच गेले नाही. लोक ओरडले, बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या, गाड्या हलल्या.

तिने मला पुन्हा वाजवले. मग पुन्हा. इतक्या जोराने तिने मला कधी मारले नव्हते. कड्याजवळ माझे कातडे बोटभर फाटले. लोक थांबले.

"हे पाटलांनी सांगितलं न्हाई, हे मी सांगून राह्यले," ती म्हणाली. "वरच्या गल्लीत काल उंदीर पडला. झुंबरबाईच्या घरात. मी डोळ्यानं पाह्यला, मी जाळला. त्या गल्लीनं घरी जाऊ नये."

 मग झुंबरबाई गाडीवरून खाली उतरली. मेंढरे राखून चार पैसे गाठीला बांधलेले, दोन एकर जमीन केलेले ते घर. तिची सून गोपिकाबाई गाडीत बसली होती, तिचे दिवस भरले होते.

"माझ्याच दारात दिसला व्हय तुला? सगळ्या गावात जागा न्हाई गावली?" झुंबरबाई कडाडली. "ह्या पोरीनं उघड्यावर बाळंत व्हावं का?"

"बाई, मला शिव्या द्या. पर दहा दिस थांबा. माझा माणूस त्याच गल्लीतून आल्ता."

पाटील पुढे आले आणि त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले.  मला गावात नेऊन चावडीच्या खुंटीला अडकवले.

त्यानंतर काय झाले ते मी चावडीत बसणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. झुंबरबाई गाडी हाकायला लावत होती, तेवढ्यात गोपिकाबाईने आपले बोचके उचलले आणि ती खाली उतरून पुन्हा झोपडीत जाऊन बसली. मग झुंबरबाईलाही थांबावे लागले. वरच्या गल्लीतली चौदापैकी नऊ घरे माळावर राहिली. पाच घरे परत आली. चौथ्या दिवशी त्या गल्लीत आणखी दोन उंदीर पडले आणि पाच घरांपैकी एकातल्या भुजंगला ताप भरला. तो वाचला नाही. खालच्या गल्ल्यांत कोणाला काही झाले नाही.

भुजंगला नेल्यावर पाटील चावडीत आले.  मग मला खुंटीवरून काढून वेशीबाहेर सोनूबाईच्या झोपडीपाशी घेऊन गेले. पाटील त्या वस्तीत स्वतः चालत आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"उद्या सांगायचंय. वरल्या गल्लीनं अजून पंधरा दिस माळावर ऱ्हायचं."

"बराबर पंधरा?"

"बराबर पंधरा." ते वळले, पुन्हा थांबले. "आनि तू जे पाहशील ते सांगत जा. मला इचारू नको."

गोपिकाबाईला माळावरच मुलगी झाली. थंडी होती, पण मायलेकी दोघी तरल्या. पंधरा दिवसांनी वरच्या गल्लीची बंदी उठली तेव्हा झुंबरबाई नातीला घेऊन दारात उभी राहिली आणि आत गेली नाही. "सोने," ती म्हणाली, "आदी तू जाऊन बघ. मंग आमी येतो." सोनूबाई आत गेली, कोपरे पाहिले, कणगीमागे पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "या."

म्हणून सगळे बदलले असे समजू नका. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवर सोनूबाईच्या घागरीत पाणी पूर्वीसारखेच, न शिवता, वरून ओतले गेले. मी जे घडले तेच सांगते.

पुढे वीस वर्षे आम्ही दोघी दवंडी देत राहिलो. माझे फाटलेले कातडे तिने एकदा शिवले, मग ते सगळेच विरले. कोणी नवे बसवले नाही. तिचेही गुडघे गेले. निजामाचे राज्य संपले त्या वर्षी पावसाळ्यानंतर गावोगाव पटकीची, जुलाब-ओकाऱ्यांची साथ होती, बाजार बंद होते, नदीचे पाणी भरायला मनाई होती. मग एक दिवस भोंगा लावलेली मोटार आली. साथ गेली, बंदी उठली, नदीचे पाणी भरायला हरकत नाही, असे काहीसे भोंगा बोलला आणि मोटार थांबली नाही.

धूळ खाली बसायच्या आत आठ-दहा माणसे सोनूबाईच्या दारात आली. त्यांत माळावर जन्मलेली गोपिकाबाईची लेकही होती, कडेवर पोर घेऊन.

"मावशे, खरं हाय का? भरावं का पाणी?"

"मला ठाव न्हाई," सोनूबाई म्हणाली. "मी पाह्यलं न्हाई."

तिने काठी घेतली आणि नदीकाठच्या वस्त्यांकडे, अजून कोणी आजारी आहे का ते पाहायला निघाली. ती परत येईपर्यंत त्या लोकांनी घागरी रिकाम्याच ठेवल्या.

मित्रांनो, आता मी बिनकातड्याचे नुसते कडे आहे. मला तेल लावा, भिंतीवर टांगा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या दारावरून कोणी काही सांगत जाईल, तेव्हा आपल्या मनासारखे कानावर पडले की लगेच गाड्या हाकू नका. त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा. आणि जो स्वतः पायी जाऊन, पाहून येऊन सांगतो, त्याला बसायला जागा द्या, प्यायला पाणी द्या.