खुर्चीतलं उपकरण

प्रयोगशाळेत माझं काम अतिथंड, पातळ हेलियम भरण्याचं. एकतीस वर्षं तेच केलं. त्या गारठ्यात प्रयोग करणाऱ्या मॅडमची तार बुडवलेली असायची. तार कसली, डोळ्यांना दिसतही नसे. तिच्यातून जाणारी वीज वाढते ती सरळ नाही, पायरीपायरीनं. एक, दोन, तीन. मधे काही नाही, असं मॅडम सांगत.

त्यांच्या तारेनं मात्र पहिल्या पायरीच्या खाली, शून्य पूर्णांक सातवर, पडद्यावरच्या रेघेत एक छोटा कट्टा काढला. मॅडम हरखल्या. मग लक्षात आलं, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो तरच तो दिसतो. उठलो की गायब. शिपाई बसवला, खुद्द साहेब बसले, तारेनं दाद दिली नाही.

पंचाईत अशी की शनिवारी मी निवृत्त होणार होतो. बायकोनं लेकीकडे जायची तिकिटं काढून ठेवली होती. पण आमच्याकडची पद्धत पक्की: मोजमापाला जे जे लागतं ते वहीत चढवायचं आणि प्रयोग संपेपर्यंत जागचं हलवायचं नाही. मॅडमनी वहीत पंपाच्या नोंदीखाली मला लिहून टाकलं. भांडारातला कारकून माझ्या छातीवर चिठ्ठी चिकटवून गेला: उपकरण क्रमांक एकोणीस. निवृत्तीचं विचारलं तर म्हणाला, ती माणसांना असते. उपकरण मोडलं तरच भंगारात काढता येतं. मी गुडघे दाखवले. त्यानं वाकून पाहिलं आणि ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मारला.

शनिवारी गाडीच्या दोन तास आधी बायको तिथे हजर. सगळं ऐकून तिनं मॅडमना विचारलं, “हे बसतात तेव्हा करतात काय?”

“काहीच नाही.”

“घरीही तेच करतात. आमची वीज कधी अडली नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “स्वेटर काढा.”

तिनंच विणलेला, एकतीस वर्षं अंगावर असलेला स्वेटर तिनं खुर्चीला घातला. मॅडमनी बटण हळूहळू फिरवलं. पडद्यावरची रेघ चढत आली आणि शून्य पूर्णांक सातवर थबकली.

कारकुनानं स्वेटरवरची चिठ्ठी वाचली, वही पडताळली. एकोणीस जागेवर होतं. उरलेल्या माझी नोंद कुठेच सापडेना, तेव्हा तो म्हणाला, “काका, तुम्ही इथे काय करताय?”

बाहेर कडाक्याची थंडी होती. मी कुडकुडत चाललो होतो. गाडीत बसल्या बसल्या नवा विणायला घेते, असं बायको म्हणाली.

“घे,” मी म्हटलं. “पण वीण बदल.”