विठाबाईच्या मुठीतलं पदक

मित्रांनो, मी नौदलातल्या एका जवानाचं जुनं पदक आहे. नऊ वर्षांच्या चांगल्या सेवेसाठी मिळतं ना, ते. टाकसाळीत माझ्यावर ठसा उमटला आणि कडेवर धन्याचं नाव कोरलं गेलं, सावळाराम.

सावळाराम भीमेकाठच्या मांडवगण फराटा गावचा. १९८८ साली भरती होऊन दौंडला गाडीत बसला, तोवर त्यानं समुद्र पाहिलेलाही नव्हता. पोहायला शिकला होता तो भीमेत. नौदलात तो पाणबुड्या झाला. जहाजाच्या तळाशी, काळ्या पाण्यात हातांनी चाचपत दुरुस्ती करायची, हे त्याचं काम. १९९७ मध्ये मला त्याच्या छातीवर जागा मिळाली. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं पदक शेजारी आलं, कारगिलनंतर तिसरं. परेडला आम्ही तिघं एका पट्टीवर झुलायचो. शौर्याचं पदक मात्र आमच्यात एकही नव्हतं.

२००३ साली तो पेन्शनीत निघाला आणि आम्ही पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी जाऊन पडलो. वर्षातून दोनदाच बाहेर यायचं, झेंड्याला.

२००६ चा पंधरा ऑगस्ट. भीमा दुथडी भरून वाहत होती. झेंडावंदन उरकतंय तोच नदीकडून आरडाओरडा आला. पाण्यानं वेढलेल्या बाभळीवर मेंढपाळाची बायको, बानूबाई, तान्ह्या लेकराला पोटाशी धरून बसली होती. होडीची वाट पाहण्याइतकी ती बाभूळ टिकणार नव्हती.

सावळारामानं सदरा काढला. आम्ही सदऱ्यासकट त्याच्या आईच्या, विठाबाईच्या हातात आलो. सावळारामाचे वडील याच नदीनं नेले होते.

"आये, जाऊ का?"

 विठाबाईनं सदरा काखेत मारला आणि दोर स्वतः त्याच्या कमरेला बांधला.

"ही गाठ सुटंल आये," म्हणत त्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

दोराचं टोक आठ गड्यांनी धरलं, विठाबाईनं काखेतला सदरा आमच्यासकट मुठीत धरला. सावळाराम बाभळीच्या बराच वरच्या अंगाला पाण्यात शिरला, धारेशी झगडला नाही, तिच्याबरोबर तिरका वाहत गेला. दोनदा त्याचं डोकं दिसेनासं झालं. इतकी वर्षं मी त्याच्या छातीवर होतो, पण त्याचं खरं काम त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आधी त्यानं लेकरू डोक्यावर बांधून आणलं. मग बानूबाईला. ती काठावर टेकते न टेकते तोच बाभूळ आडवी झाली.

"दादा, तुमचं नाव सांगा," बानूबाई धापा टाकत म्हणाली.

"आदी लेकराला पुसून घ्या, बाई," सावळाराम म्हणाला.

मग त्यानं सदऱ्यासाठी हात पुढं केला. विठाबाईची मूठ उघडेना. त्यानं एकेक बोट सोडवलं. पट्टीची पिन तिच्या तळहातात रुतली होती.

"आये, रगात!"

"व्हय? मला कळलंच न्हाई बघ."

त्या दिवसाबद्दल सावळारामाला पदक मिळालं नाही, त्यानं मागितलंही नाही. मित्रांनो, कुणाच्या घरी जुनं पदक दिसलं तर ते घासून चकचकीत करू नका. हातात घ्या, त्याच्यामागच्या माणसाबद्दल विचारा. माझ्या रिबिनीवर एक तांबूस डाग आहे. सावळाराम तो कुणाला धुऊ देत नाही.